झिजलेल्या कोपरांचा कोट

“म्हणजे कोरा कोट वाईट आणि झिजलेला चांगला? हे कुठलं शास्त्र, चाचा?”

खटावकर सरांचा आवाज जरा चढलाच. मिरजेच्या जुन्या बाजारात बशीरचाचांचं वापरलेल्या कपड्यांचं दुकान होतं आणि सर वीस वर्षं तिथूनच कपडे नेत. ढिगातून हिरा उचलावा तो खटावकरांनीच, असं शाळेत सगळे म्हणत. कुणी म्हणालं नाही, तर सर स्वतः म्हणत.

आज काम मोठं होतं. रविवारी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, अनुजाचं लग्न होतं. सासरची माणसं तालेवार. त्यांच्यासमोर बापाच्या अंगावर नाव ठेवायला जागा नसलेला कोट हवा होता.

तासभर खपून सरांनी एक राखाडी कोट शोधला होता. कॉलर कोरी, अस्तर चकचकीत, बाहीवरचं कंपनीचं लेबलही अजून उसवलेलं नव्हतं. किंमत ऐकून तर सर मनातल्या मनात नाचलेच होते.

चाचांनी तो बघून न बघितल्यासारखं केलं आणि खुंटीवरचा एक तपकिरी कोट काढून पुढे ठेवला. कोपरं झिजलेली. काखेत रफू.

“हा न्या.”

दुसरं कुणी असतं तर सरांनी हसून सोडून दिलं असतं. पण कपडा कसा बघायचा हे त्यांना चाचांनीच शिकवलं होतं. शिवण उलटी करून बघा, बटण ओढून बघा, कापड उजेडात धरा. या सगळ्यात राखाडी पास होता आणि तपकिरी सरळसरळ नापास.

“हा एकदाही कुणी घातलेला नाही, चाचा.”

“तेच तर.”

“मग झिजला म्हणजे चांगला?”

“असं मी कुठं म्हटलं?”

...

सरांचं डोकं चक्रावलं. म्हातारा थट्टा करतोय की वयानं हललाय, काही कळेना.

“राखाडी घाला,” चाचा म्हणाले.

सरांनी घातला. आरशात एक भारदस्त व्याही उभा होता. कसा दिसतो विचारल्यावर चाचा म्हणाले, झकास. त्यानं तर सर आणखीच बुचकळ्यात पडले.

“अक्षता टाका.”

सरांनी हात उचलून हवेतल्या अक्षता टाकल्या. व्याह्यांना नमस्कार करायला सांगितलं, तोही केला. सगळं जमलं. आता म्हातारा हरला, असं सरांना वाटलं.

“आता मुलगी निघाली.”

“निघाली म्हणजे?”

“पाठवणी. गाडी दारात आहे. पोरगी गळ्यात पडली. काय कराल?”

...

ती पडणार नाही, असं सर म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की लग्न तिनं तिचं तिनं ठरवलं, तेव्हापासून आठ महिने घरात कामापुरतंच बोलणं आहे. आता राग असा राहिला नव्हता. पण सुरुवात कुठून करायची, हे काही केल्या सुचत नव्हतं.

चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस सरांपुढे आला आणि त्यानं सरळ त्यांच्या गळ्यात हात टाकून खांद्यावर डोकं ठेवलं.

सर दचकले. त्यांनी हात वर घेतले, पण कोट पाठीवर आवळला. हात अर्ध्यातच अडकले आणि बुजगावण्यासारखे तसेच राहिले. समोरच्या दुकानातला माणूस टक लावून बघायला लागला.

चाचा बाजूला झाले. त्यांनी तपकिरी कोट पुढे धरला.

सरांनी तो घातला. चाचांनी पुन्हा गळ्यात हात टाकले.

या वेळी काहीच अडलं नाही. कोपरांशी कापड मऊपणे वळलं, खांदे सैल झाले आणि सरांचे दोन्ही हात चाचांच्या पाठीवर जाऊन पोचले.

पोचले, पण पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. थोपटायचं? घट्ट धरायचं? आणि सोडायचं कधी? अनुजाला शेवटचं जवळ घेतलं ते कधी, हेही आठवेना.

“चाचा... मला हे येत नाही.”

चाचांनी डोकं उचललं नाही.

“कोटाला येतंय, सर. त्याच्याकडून शिकून घ्या.”