मोराचं झाकण

फार जुन्या काळची ही गोष्ट, बाळांनो. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

नदीकाठच्या एका गावात एक कासारीण राहायची. गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायची आणि जाईल तिथून जुनी काचेची भांडी जमवायची. कुठे बशी मिळे, कुठे पेला. नखाने टिचकी मारून नुसत्या आवाजावरून ती भांड्याचं वय सांगे. पण तिचा जीव होता एका निळ्या झाकणावर. झाकणाच्या टोकाला इवलासा मोर होता. त्याची सुरई ती सात वर्षं शोधत होती.

एकदा एका नवरीला चुडा भरताना तिने ते झाकण सहज दाखवलं. नवरी ओरडलीच.

"अगं मावशी, पलीकडच्या गावात अत्तरवाले आजोबा आहेत ना, त्यांच्याकडे अश्शीच निळी सुरई आहे! तिच्यावर लांडोर आहे, पण झाकण नाही!"

झालं! उरलेला हात भरताना कासारणीने घाईघाईत तीन बांगड्या वाढवल्या आणि पळत जाऊन नाव गाठली.

म्हाताऱ्या अत्तरवाल्याने सुरई बाहेर आणली. कासारणीने पदराआडून झाकण काढलं. म्हाताऱ्याचे डोळे विस्फारले.

"दे इकडे! मागशील ते अत्तर देतो."

"छे! तुम्हीच सुरई द्या, आजोबा. सात वर्षं शोधतेय मी."

"आणि मी वीस!"

तिने सुरईला हात घातला, तशी त्याने ती ओढून घेतली. ती हातातून निसटली, पण चार हातांनी तिला वरच्या वर झेललं. दोघांनी मिळून ती जपून खाली ठेवली.

कासारणीने हळूच झाकण सुरईवर ठेवलं. टिंग! असा गोड आवाज दोघांनीही कधी ऐकला नव्हता. तिने झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. टिंग! दोघं लहान मुलांसारखी हसत सुटली.

निघायची वेळ झाली. झाकण उचलायला तिने हात पुढे केला, पण बोटं काही पुढे जाईनात. घरी नेलं तर ते पुन्हा नुसतं झाकणच होणार होतं.

"राहू दे इथंच," ती म्हणाली आणि झपाझप निघाली.

ती नावेत बसते न बसते तोच म्हातारा धापा टाकत आला. सुरई त्याच्या कवेत होती, झाकणासकट.

"सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे! पण दोन्ही एकत्रच!"

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. माळ्यांवर पडलेले एकटे पेले, बिनजोडीच्या बशा लोकांनी बाहेर काढल्या. दर वर्षी सुगीनंतर नदीच्या वाळवंटात त्यांची जत्रा भरू लागली, आणि कुणाची बशी कुणाच्या पेल्याला जुळली की साऱ्या काठावर एकच जल्लोष होई.

यातून घ्यायचं ते इतकंच: आवडीची वस्तू मुठीत आवळून ठेवली तर आनंद अर्धाच राहतो, वाटून घेतली की तो पुरा होतो.