भैरूबुवा मागं बसतात

“आणि चालवायला येते का तुला?” भैरूबुवांनी विचारलं.

“काय बुवा. ही खिंड मी डोळे मिटून उतरतो,” विश्वजित म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “श्रावणात पडलो ते वेगळं. तेव्हा डोळे उघडे होते.”

बुवांनी मान डोलावली. समोरचा खरं बोलला की बुवा मान डोलवायचे. त्यामुळे त्यांच्या मानेला दिवसभर फारसं काम पडत नसे.

म्हसोबाच्या खिंडीत, रस्त्याला लागूनच बुवांचा मठ. मठ म्हणजे दोन खोल्या, एक पार आणि एक कुत्रा. खिंड चढून आलेल्या गाड्या तिथं दम खायला थांबायच्या, आणि गाडी थांबली की माणसांना आपापले प्रश्न आठवायचे. बुवा शाळेत तिसरीपर्यंत गेले होते. चौथीच्या मास्तरांनी हात जोडले म्हणून पुढचं शिक्षण राहून गेलं. तरी लोक लांबून यायचे. काही जण उत्तरासाठी, बरेचसे ताकासाठी.

विश्वजित त्यांचा शिष्य. म्हणजे तो स्वतः तसं सांगायचा. बुवांना कोणी विचारलं तर ते म्हणायचे, “असेल बाबा.”

खाली नाक्यावर त्याचं मोबाईलचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो गाड्यांचे व्हिडिओ बघायचा आणि गिऱ्हाईक असलं की त्यालाही दाखवायचा. बघून बघून त्याला इतकं ज्ञान झालं होतं, की गाडी बनवणाऱ्या कंपन्यांची त्याच्याशी गाठ पडली नाही हे त्यांचं नशीबच.

आज पारापाशी दोन गाड्या उभ्या होत्या. एक शंभर सीसीची, बारीक, आजारातून उठल्यासारखी. दुसरी साडेतीनशेची, काळी, टाकीवर हात फिरवावासा वाटणारी. दोन्ही जुन्या, इरफान मेस्त्रीच्या गॅरेजातल्या. मोठी विश्वजितनं वर आणली, छोटी इरफाननं. मग ताक पिऊन, मिशा पुसून इरफान म्हणाला, “गिऱ्हाईक आणि बुवा यांच्या मधे मेस्त्रीनं थांबू नये,” आणि मिळेल त्या जीपनं खाली गेला.

“तर कोणती घेऊ?” विश्वजितनं विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं. दोन्हीला दोनच चाकं दिसतायत.”

“तसं नाही, बुवा. छोटी माझ्या पैशात बसते. मोठीला कर्ज काढावं लागेल. पण ताकद बघा तिची.”

“एवढी ताकद कशाला लागते तुला?”

विश्वजितनं टाकीवरची धूळ बाहीनं पुसली. धूळ नव्हतीच.

“उद्या सासरवाडीला जायचंय,” तो म्हणाला. “ऋतुजाला आणायला.”

ऋतुजा म्हणजे त्याची बायको. भाऊबीजेला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती, आणि आता होळी तोंडावर आली होती. फोन केला की सासरे उचलायचे. सासरे मिलिटरीतून रिटायर झालेले. ‘जयहिंद’ म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

“मेहुण्याचा निरोप आलाय,” विश्वजित म्हणाला. “उद्या या, नाहीतर तिचं सामान न्यायला आम्हीच येतो.”

“काय झालं होतं?”

“गाडी, बुवा. दुसरं काय. तिला तालुक्याला दवाखान्यात जायचं होतं. तुम्ही चला म्हणाली. नेमकी त्या दिवशी गाडी चालू होईना. मग गेली एकटीच, वडापच्या जीपनं, दाटीवाटीत. तिथनं बिनसलं सगळं. गाडी चांगली असती तर हे झालंच नसतं. म्हणून तर ती विकून टाकली. आता अंगणात साडेतीनशे उभी केली की सासऱ्यांचं तोंड बंद. ती मागं बसली की विषय संपला.”

“आणि नाही बसली?”

हा प्रश्न विश्वजितनं स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो अगदी नवा वाटला.

“बरं,” म्हणत बुवा उठले. “मागं बसायचंय तिला, आणि विचारतोयस मला. मग तिच्या जागी मी बसून बघतो. नाक्यापर्यंत जाऊ आणि येऊ. आधी बारीक काढ.”

बुवा छोटीवर बसले तशी छोटी पण खाली बसली.

खिंड उतरताना विश्वजितच्या कमरेला बुवांचे गुडघे लागत होते आणि मानेला दाढी. बुवा डावीकडं वळून कुणाला राम राम करायचे, की गाडीही डावीकडं वळून राम राम करायची.

“बुवा, हलू नका.”

“हललो नाही. श्वास घेतला.”

“मग जरा बेतानं घ्या.”

बुवांनी बेतानं घेतला. थोड्या वेळानं विचारलं, “सोडू का आता?”

येताना चढाला छोटीनं हाय खाल्ली. पहिला गियर टाकला, पुढं वाकून झालं, “बुवा, पुढं सरका,” म्हणून झालं. बुवा इतके पुढं सरकले की दोघांत मिळून एकच माणूस दिसायला लागला. शेवटच्या वळणावर विश्वजितला लाज सोडून म्हणावं लागलं, “बुवा, जरा उतरता का?”

बुवा उतरले आणि चालत निघाले. विश्वजित त्यांच्या शेजारून गाडी रेटत, त्यांच्याच चालीनं वर आला. रस्त्यानं जाणाऱ्या एका उसाच्या ट्रॅक्टरनं त्यांना मागं टाकलं. ट्रॅक्टरवाल्यानं वळून नमस्कार केला. बुवांना केला असावा.

“चांगली आहे,” मठापाशी पोचल्यावर बुवा म्हणाले. “मला पाय आहेत हे विसरायला झालं होतं.”

“थट्टा नको, बुवा. असली गाडी घेऊन जाऊ सासरवाडीला? आणि येताना ऋतुजाला घाटात उतरवू, चल म्हणू चालत?”

“आता ती काढ.”

मोठी सुरू झाली तसा कुत्रा उठून आतल्या खोलीत गेला. विश्वजितच्या तोंडावर तेज आलं. पाठ आपोआप ताठ झाली. खांद्यावर बुवांचा हात पडला आणि त्यानं गियर टाकला.

काय गाडी होती. ओझं नाही, हेलकावा नाही, कुठं गुडघा नाही, कुठं दाढी नाही. मागं माणूस आहे हे कळतसुद्धा नव्हतं. वळण यायचं, गाडी नुसती झुकायची, वळण मागं पडायचं.

“बघितलं का, बुवा? आता घ्या श्वास, पाहिजे तेवढा.”

मागून काही आवाज आला नाही. घेत असतील, असं विश्वजितला वाटलं.

पुढं मोकळा रस्ता होता. डाव्या हाताला दरी, दरीच्या पलीकडं उन्हात पडलेली रानं. इंजिनाचा एकसारखा ठेका. समोर कोणाचं तोंड नाही… विश्वजित बराच वेळ नुसता चालवत राहिला.

“बुवा, एक सांगू?”

…

“गाडी बंद नव्हती त्या दिवशी.”

मागं शांतता. विश्वजितला बरं वाटलं. दुसरं कोणी असतं तर आत्तापर्यंत मधे तोंड घातलं असतं.

“दुकानात नवीन फोन आले होते. गर्दी होणार होती. मीच प्लगची वायर काढून ठेवली आणि तिला म्हटलं, चालू होत नाहीये. तिनं स्वतः एक किक मारून बघितली. मग पर्स उचलली आणि गेली. काही बोलली नाही.”

…

“संध्याकाळी आली. चहा टाकला. मी विचारलं नाही, दवाखान्यात काय म्हणाले. विचारावं असं वाटत होतं. पण तिचं तोंड बघितलं आणि भीती वाटली. म्हटलं उद्या विचारू. मग परत उद्या. मग दिवाळीच आली.”

गाडी धडधडत उतरत होती.

“अजून मला माहीत नाही, बुवा. काय म्हणाले ते.”

बुवा एरवी वाक्यावाक्याला टोमणे मारायचे. आज ते इतके गप्प होते की विश्वजितला भरून आलं. असं ऐकून घेणारा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. वाऱ्यानं आलं असंही म्हणता आलं असतं.

नाक्यावर गौराक्काच्या चहाच्या टपरीपुढं त्यानं गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, गाडी अजिबात हलू दिली नाही, आणि मान झुकवून म्हणाला, “सावकाश उतरा, बुवा.”

गौराक्कानं किटली खाली ठेवली.

“कोण उतरायचंय?”

“बुवा.”

गौराक्कानं गाडीकडं बघितलं. मग विश्वजितकडं बघितलं.

“एवढ्या सकाळी घेतलीस?” ती म्हणाली. “तुझा बाप तरी पाच वाजेपर्यंत दम धरायचा.”

विश्वजितनं हात मागं नेला. सीट होती. उन्हानं तापलेली.

म्हातारा माणूस. कुठल्या वळणावर पडले असतील, आणि आपण पुढं आपलं रडगाणं गात आलो. गौराक्का काहीतरी म्हणत होती, तोवर त्यानं गाडी वळवलीसुद्धा.

पण वळवली आणि त्याला वेगानं जाता येईना. वेगानं गेलं तर दिसणार कसं. साडेतीनशेची गाडी त्यानं दुसऱ्या गियरच्या वर नेली नाही. प्रत्येक वळणाला थांबला, कठड्यावरून वाकून बघितलं, हाका मारल्या. एका घळीत काहीतरी पांढरं दिसलं. तो काटे लावून घेत खाली उतरला. सिमेंटचं रिकामं पोतं होतं. त्या पोत्याकडं बघून त्याला इतका आनंद झाला की त्यानं पोत्याला नमस्कारच केला.

मठाच्या पारावर बुवा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. कुत्रा बाहेर आला होता.

विश्वजितनं गाडी स्टँडवर लावली. एकदा लागली नाही, परत लावली. मग बुवांच्या समोर येऊन मटकन खालीच बसला.

“तुम्ही… पडलात कुठं?”

“पडायला आधी बसावं लागतं. एक हात तुझ्या खांद्यावर ठेवला होता, दुसऱ्या हातानं धोतर खोचत होतो. तेवढ्यात खांदा गेला.”

“मग ओरडायचं नाही का?”

“ओरडलो की. पण ती माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होती.”

विश्वजितनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. बुवांनी त्याच्यापुढं मूठभर शेंगदाणे ठेवले. त्यानं एकच उचलला आणि धरून बसला.

थोड्या वेळानं तो एकदम सरळ झाला. शहाणा मुलगा, व्हिडिओ बघून तयार झालेला. त्याला सगळा उलगडा झाला होता.

“कळलं, बुवा,” तो म्हणाला. “छोटी घ्यायची. छोटीवर मागचं माणूस बसलं, उतरलं, हललं, सगळं कळतं. ताकद वाढली की कळत नाही. बरोबर?”

“आत्ता वर येताना कोणत्या गाडीवर होतास?”

“मोठ्या.”

“कसा आलास?”

“हळू. थांबत थांबत. मागं बघत…”

बुवांनी पुढची शेंग फोडली. विश्वजितचा उलगडा झालेला चेहरा परत मिटला.

“खाली जाताना काही बोललास का?” बुवांनी विचारलं. “नाही, मागं बसलो असतो तर काय ऐकायला मिळालं असतं, म्हणून विचारतो.”

“सगळं सांगितलं तुम्हाला. कोणाला नव्हतं सांगितलं ते.”

“मग परत सांग.”

विश्वजितनं बुवांच्या तोंडाकडं बघितलं. तोंड उघडलं… मिटलं. परत उघडलं. बुवा शेंगा फोडायचे थांबले होते. तेच जास्त अवघड झालं.

“नाही जमत,” तो शेवटी म्हणाला. “असं समोरासमोर, तोंडाकडं बघून नाही येत मला. तिथं रस्ता होता समोर. कोणाकडं बघायला लागत नव्हतं. म्हणून बोललो.”

“हं.”

“आणि तुम्ही बसला आहात असं वाटलं म्हणून. मागं कोणीच नाही हे माहीत असतं तर तसंही नसतो बोललो.”

“हं.”

खिंडीतनं वारा आला. पारावरची टरफलं उडाली. कुत्र्यानं एकाचा पाठलाग केला आणि मधेच नाद सोडला.

विश्वजित उठला. पँटला चिकटलेले काटे एक एक करून काढले. मग खिशातनं दोन्ही चाव्या काढल्या आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवून बुवांपुढं धरल्या.

“उद्या सकाळी निघायचंय, बुवा. थट्टा झाली तेवढी पुरे. ह्यातलं काही मला आता कळेनासं झालंय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, तिला आणायला ह्यातली कोणती नेऊ?”

बुवांनी दोन्ही चाव्या उचलल्या, इकडून तिकडून बघितल्या आणि आपल्या घोंगडीखाली सारल्या.

“यष्टीनं जा,” ते म्हणाले. “शेजारी बसता येतं.”