खोडलेली शेळी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. मठात हार ओवताना कानावर पडेल ते मठातच ठेवायचं, असं बुवांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण हे काही पोटात राहत नाही.

"पण अनावश्यक म्हणजे नेमकं काय, बुवा?" भार्गवदादा विचारत होता.

बुवा माझ्याशेजारी बसून झेंडूची देठं खुडत होते. "तूच सांग. सहा वर्षं शिकतोयस."

"जे काढलं तरी काही अडत नाही, ते." भार्गवदादानं वही पुढं केली. "तुमचं सोमवारचं प्रवचन. दोन तासांचं पाव पानात बसवलंय. आज संध्याकाळी मला हे बोलू द्या. एकही अनावश्यक शब्द नाही."

सहा वर्षं तो या परवानगीची वाट बघत होता.

बुवांनी वाचलं. मान डोलावली.

"स्वच्छ आहे."

मग माझ्याकडे वळले. "रेवती, सोमवारचं काय आठवतं तुला?"

मी मान खाली घातली. मला कुणासमोर पटकन बोलता येत नाही.

"बोल गं."

"उघड्या दारातून शेळी आली नि तुमचा हार खायला लागली."

भार्गवदादानं कपाळावर हात मारला. "झालं!"

"तेव्हा मी काय सांगत होतो?" बुवांनी मला विचारलं.

"माझं माझं करू नये, ते. आणि तुम्हीच ओरडलात, 'अगं, माझा हार!' मग हसलात... आणि हार काढून तिलाच दिलात."

बुवांनी पाव पान उलटंसुलटं करून बघितलं. "भार्गवा, यात शेळी कुठाय?"

"खोडली. ती अनावश्यक..."

त्याचे खांदे हलायला लागले. मग तो इतका हसला, की वही हातातून पडली.

"बुवा, आईला पत्र लिहिलं, त्यात मी फक्त शेळीचंच लिहिलंय!"

बुवांनी माझ्या मांडीवरचा अर्धा ओवलेला हार उचलला आणि दोरा लोंबत असतानाच त्याच्या गळ्यात घातला.

"म्हणजे... मी बोलू संध्याकाळी?"

"बोल. दार मात्र उघडं ठेव."

मला वाटतं, बुवांना असं म्हणायचं होतं, की ज्या गोष्टीवाचून आपलं...

बुवा ओसरीवरून हाक मारतायत.

"रेवती, नवा हार ओवायला घे. पुढचं अनावश्यक!"