हाताला न लागलेला सांधा

एकदा एक वृद्ध गुरुजी, त्यांचा शिष्य आणि एक व्यापारी असे तिघे जपानमधल्या समुद्रकाठच्या एका किल्ल्याच्या दारात, आपापले बूट हातात धरून उभे होते. आतल्या लाकडी जमिनीवर बूट चालत नाहीत. दारात पिशवी मिळते. बूट तिच्यात घालायचे आणि ती पिशवी आपणच वागवायची. साहेबांचे बूट सांभाळायला वेगळा माणूस तिथे नसतो. नसतो, म्हणजे नसतोच.

गुरुजींचे आयुष्य जुनी देवळे आणि गड दुरुस्त करण्यात गेले होते. तरुणपणी काही काळ ते इथल्याच सुतारांबरोबर राहून काम शिकले होते. शिष्याला आता पहिले मोठे काम मिळू घातले होते. आपल्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा जलदुर्गाचा सागवानी दरवाजा खालच्या बाजूने खाऱ्या पाण्याने कुजला होता. वरचा भाग मात्र ठणठणीत होता आणि त्यावर तोफगोळ्यांच्या खुणा होत्या. खर्च करणार होता मासळीचा हा व्यापारी. त्याचे मूळ गाव त्या किल्ल्यासमोरचेच. अट एकच, दरवाजा संपूर्ण नवा हवा.

शिष्याला हे पटत नव्हते. पण नाही म्हटले तर काम दुसऱ्याकडे जाणार. म्हणून त्याने तोडगा काढला. दार नवे करायचे, रसायने लावून जुने भासवायचे, तोफगोळ्यांच्या खुणाही पटाशीने कोरून घ्यायच्या. व्यापारी खूश झाला. मासळीच्या सौद्यासाठी तो जपानला निघाला तेव्हा त्याने दोघांनाही बरोबर घेतले. गावी सुतार तयार होते. किल्ला पाहून झाल्यावर त्याच संध्याकाळी शिष्याचा होकार कळला, की जुने दार उतरवून कापले जाणार होते. गुरुजी तोडग्यावर काहीच बोलले नव्हते. “आधी एक किल्ला बघू,” एवढेच म्हणाले होते.

किल्ला पाहून व्यापाऱ्याचेही डोळे दिपले. खंदकात थेट समुद्राचे पाणी. भरती आली की खंदक भरतो आणि मासे आत येतात. वर पांढऱ्याशुभ्र भिंतींचे एकावर एक चढत गेलेले मजले, आणि खाली चुन्याशिवाय रचलेला, समुद्राच्या वाऱ्याला छाती देऊन उभा असलेला दगडी तट.

“दारातच मासळी! पहारेकऱ्यांची चंगळ होती की हो!” व्यापारी हसत म्हणाला. “चला, वर जाऊ. तलवारी आहेत, चिलखतं आहेत.”

गुरुजी मात्र तळमजल्यावरच एका जाडजूड खांबापाशी थांबले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि, शिष्याला काही कळायच्या आत, त्याच्या डोळ्यांवर बांधले.

“गुरुजी, लोक बघतायत!”

“बघू देत. हा खांब वरपासून खालपर्यंत चाचप. सांधा कुठं आहे ते सांग.”

“आंधळी कोशिंबीर खेळायला एवढा विमानप्रवास केला होय आपण?” व्यापारी म्हणाला.

शिष्याने खांबावरून हात फिरवला. सावकाश, बोटांची टोके टेकवत, अगदी जमिनीपर्यंत. पुन्हा वर आणला. शेवटी म्हणाला, “सांधा नाही, गुरुजी. अखंड लाकूड आहे.”

गुरुजींनी उपरणे सोडले. शिष्य पाहतच राहिला. वरचे लाकूड काळेभोर होते आणि गुडघ्याच्या उंचीपासून खाली फिकट, पिवळसर. मधली रेघ लांबूनही दिसावी इतकी स्पष्ट. फिकट भागावर डागणीने उमटवलेला एक लहानसा शिक्का होता.

“अरेच्या, ठिगळ!” व्यापारी म्हणाला. “एवढा श्रीमंत देश, आणि रंगाला महाग झाला?”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “शेठजी, ज्या हातांनी हा सांधा केला, त्यांना दोन लाकडांचा रंग जुळवणं अवघड नव्हतं. पण खांबाचा पाय कुजला, तर त्यांनी पायच तेवढा बदलला. बाकीचा खांब अजून उभा राहू शकत होता, म्हणून तो ठेवला. आणि जे नवं घातलं, त्यावर दुरुस्तीचं साल डागलं, म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक नको. यांचा सांधा हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे नेमकं उलटं. डोळ्यांना काही दिसत नाही आणि हात लावला की हलतं. तटाला सिमेंट फासायचं, मूर्तीला ऑइलपेंट लावायचा, वर उद्घाटनाची पाटी ठोकायची आणि त्याला जतन म्हणायचं!” ते शिष्याकडे वळले. “तुझी पटाशी चांगली चालते. पण न लागलेल्या गोळ्यांच्या खुणा तू कोरणार आहेस.”

शिष्याची मान खाली गेली. मग त्याने ती वर केली.

“शेठजी, जुनं दार मी उतरवणार नाही. कुजलेल्या फळ्या तेवढ्या बदलीन. नवं नवंच दिसेल, त्यावर साल डागीन. हे चालत नसेल तर काम दुसऱ्याला द्या.”

“गाव हसेल मला! म्हणतील, शेठनं अर्धंच दार केलं.”

व्यापारी थोडा वेळ घुटमळला. मग बुटांची पिशवी खाली ठेवून त्याने गुरुजींच्या हातातले उपरणे घेतले आणि स्वतःच डोळ्यांवर धरले. दुसऱ्या हाताने तो खांब चाचपू लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने नख लावून पाहिले.

“लबाड आहेत लेकाचे,” तो पुटपुटला. पण आवाजात कौतुक होते. उपरणे काढून त्याने शिष्याला विचारले, “असा सांधा जमेल तुला?”

“एवढा सुरेख नाही जमणार. पण हलणार नाही.”

“बरं. नव्या फळीवर साल घालशील. मग वरच्या जुन्या लाकडावर काय लिहायचं?”

“त्यावर तोफगोळ्यांनी लिहून ठेवलंय, शेठजी,” गुरुजी म्हणाले.

व्यापाऱ्याने खांबावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि शिष्यापुढे धरला. “तूच सांग त्यांना. माझा आवाज ऐकला तर वाद घालत बसतील.”

शिष्याने गावच्या सुतारांना फोन लावला. “दाराला हात लावू नका,” तो म्हणाला. “मी येतोय.”

आपले नवे काम नवे म्हणून दाखवायची ज्याला लाज वाटते, त्याने जुन्याला हात लावू नये.