रखमाजी कोष्ट्याच्या घरची सुईण

बोरवंड गावाच्या पूर्वेला ओढा वळण घेतो, त्या वळणावर एक जुनी चिंच आहे. श्री येसोबा महाराज बोरवंडात प्रथम येऊन टेकले ते याच चिंचेखाली, आणि पुढची बत्तीस वर्षे त्यांनी दुसरे छप्पर शोधले नाही. गावकऱ्यांनी मठ बांधायचे कितीदा तरी मनावर घेतले. महाराज हसत आणि म्हणत, "राहू द्या रे. चिंचेला वाईट वाटंल." मग पुन्हा तो विषय वर्षभर निघत नसे.

त्या काळचे बोरवंड आज कुणाला सांगून खरे वाटायचे नाही. एका कोष्टी आळीत तीस माग होते. कोंबडे आरवायच्या आत धोटे पळू लागत, ते दिवेलागणीपर्यंत. आळीतली तान्ही पोरे त्या खटक्-खटक् आवाजावर झोपत आणि आवाज थांबला की दचकून जागी होत. आता तिथे एकही माग उरलेला नाही. विणकरांनी पाय सोडून बसायचे खड्डेसुद्धा बुजले आणि वर फरशी आली. पण रखमाजी कोष्टी हयात होता तोवर आपल्या ओट्यावर बसून ही हकीकत सांगायचा, आणि सांगताना त्याचे हात आपोआप धोटा फेकल्यासारखे हलायचे. ऐकणारे त्याच्या तोंडाकडे न बघता त्या हातांकडेच बघत राहत.

रखमाजीचे तेव्हा लग्न होऊन दोन वर्षे झाली होती. बायको सगुणा पहिलटकरीण. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण सगुणाला माहेरच नव्हते. पटकीच्या साथीत आई-बाप एका आठवड्यात गेले आणि चुलत्याने तिला वाढवून उजवून दिले, तो चुलताही आता नव्हता. इकडे सासूही नव्हती. घरात दोनच माणसे, तीही एकाहून एक अडाणी! गर्भारपणात काय खावे, काय टाळावे हे शेजारणी सांगत. तेवढ्यावर नववा महिना लागला.

आणि मग रखमाजीची जी धांदल सुरू झाली, ती विचारू नका. एके दिवशी सगुणा "आई गं" म्हणाली. हा माग टाकून धावत सुटला तो थेट देशमुखांच्या गढीवर. गावची सुईण सर्जाबाई गेले दहा दिवस तिथेच मुक्कामाला होती. देशमुखांच्या थोरल्या आईसाहेब, बायजाबाई, यांची नात इंदिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला अजून पंधरवडा अवकाश होता, पण बायजाबाईंनी सुईण आधीच घरात आणून बसवली होती. बारा गावांत सर्जाबाईचा हातगुण नावाजलेला. ऐनवेळी ती दुसरीकडे गुंतली तर? देशमुखांच्या घरात 'तर' या शब्दाला जागा नव्हती.

त्या दिवशी बायजाबाईंनी सर्जाबाईला घटकाभर जाऊ दिले. सर्जाबाईने सगुणाचे पोट चाचपले आणि विचारले, "काल काय खाल्लं व्हतं गं?"

"पावट्याची उसळ," सगुणा म्हणाली.

बस! गढीवर तीन दिवस हसायला तेवढे पुरले. दोन दिवसांनी रखमाजी पुन्हा धावत आला. तेव्हाही काही नव्हते, सगुणाच्या पायात नुसता गोळा आला होता. बायजाबाई म्हणाल्या, "कोष्ट्या, तुझी बायको शिंकली तरी सुईण लागते काय रे? आता पुन्हा आलास तर खबरदार."

रखमाजी मान खाली घालून चिंचेखाली आला. रोज संध्याकाळी माग बंद केला की महाराजांपुढे घटकाभर बसायचे, हा त्याचा नेम होता. मागायचे काही नाही, बोलायचे काही नाही. त्या दिवशी मात्र तो बोलला. "म्हाराज, मला कळतच न्हाई. खरी कळ कोंची न् खोटी कोंची? लोक हसत्यात. उद्या खरंच वेळ आली तर कोण येणार?"

महाराज म्हणाले, "रखमाजी, तुला दुसरं काय येत नसंल, पण विणता तर येतं का न्हाई? मग विणत राहा. पोरीला मागाशेजारी बसव. तिला कळ आली की आडव्या बाण्यात एक तांबडा दोरा टाक. कळ सरली की पुन्हा पांढरा. दोन तांबड्यांत वीतभर अंतर हाय तोवर घर सोडू नगंस. बोटभर झालं, की ऊठ."

"आन् सर्जामावशी न्हाई आली तर?"

महाराजांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "पोरीला माहेर न्हाई, व्हय ना?" एवढेच म्हणाले आणि धुनीतली राख सारखी करू लागले.

चौथ्या दिवशी चौंडेश्वरीची जत्रा होती, पाच कोसांवर. कोष्ट्यांची ती कुळदेवी. आळी भल्या सकाळी गाड्या जुंपून गेली. म्हातारीकोतारीसुद्धा मागे राहिली नाहीत. रखमाजीच्या घराला तेवढे जाता आले नाही. तीस मागांच्या आळीत त्या दिवशी एकच माग वाजत होता, आणि त्याच्याजवळ खांबाला टेकून सगुणा वाती करत बसली होती.

सकाळची न्याहारी झाली आणि ती म्हणाली, "आली वाटतं."

रखमाजीचे पाय उंबऱ्याकडे ओढत होते. पण त्याने महाराजांचे नाव घेतले आणि तांबडा दोरा टाकला. कळ सरली. पुन्हा पांढरा. खटक्, खटक्. वीतभर पासोडी विणून झाली तेव्हा सगुणा पुन्हा म्हणाली, "आली." पुन्हा तांबडा.

त्या सकाळबद्दल रखमाजी म्हातारपणी फार मायेने बोलायचा. म्हणायचा, उभ्या संसारात आम्ही एवढं बोललो नव्हतो. सगुणाने आपल्या आईची आठवण काढली, आई कसली कोशिंबीर करायची ते सांगितले. मध्येच उठून ती घरातल्या घरात येरझारा घाली आणि वळली की विचारी, "किती झालं अंतर?" तो बोटांनी मोजून सांगे, "सहा बोटं." ती म्हणे, "म्हंजे अजून लांब हाय. भाकरी टाकू का?" आणि खरोखरच तिने दोन भाकरी टाकल्या. दुसरी भाजत असताना कळ आली, तेव्हा रखमाजीने खड्ड्यातून उडी मारून तिची कंबर धरली आणि भाकरी करपली. दोघेही हसली. ती करपलेली भाकरी त्याने गुळाशी खाल्ली.

दुपार कलली तशी हसणे संपले. चार बोटे. तीन. सगुणा आता बोलेना. खांबाला मिठी मारून ती नुसती हुंकार देई आणि रखमाजीने दोरा बदलावा. शेवटी दोन तांबड्या रेघांत एका बोटाचे अंतर राहिले. त्याने बोट ठेवून पाहिले. हात भिजलेला होता, म्हणून पुसून पुन्हा ठेवून पाहिले. एकच बोट.

"सगुणे, मी आलोच," म्हणून तो धावला.

गढीच्या सोप्यावर बायजाबाई लाख वाती वळत बसल्या होत्या आणि समोर सर्जाबाईलाही त्याच कामाला लावले होते. रखमाजीला पाहताच बायजाबाईंनी कपाळाला हात लावला. "आला! आज काय होतं रे जेवणात?"

"आईसाब, आज खरं हाय. बोटभर अंतर राहिलंया. येसोबा म्हाराजांनी सांगितलं व्हतं..."

"कळा बोटांनी मोजायच्या हे तुझ्या महाराजांनी शिकवलं?" बायजाबाई मोठ्याने हसल्या. "त्यांनी धुनी टाकून सुईणपणा धरला का काय? मग त्यांनाच ने की! सगळं कळतंय त्यांना."

सर्जाबाई उठू लागली. "आईसाब, घटकाभर बघून येते. पोरगी एकली हाय."

"बैस खाली! माझ्या नातीला आत्ता काही झालं तर? या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी इथून हलणार नाही आणि तूही हलायचं नाहीस."

रखमाजीने उंबऱ्यावर डोके टेकले. उपयोग झाला नाही. तो तसाच चिंचेकडे धावला. महाराज डोळे मिटून बसले होते. "म्हाराज! म्हाराज, एकली हाय ती!" त्याने दोनदा, तीनदा हाक मारली. महाराजांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. त्याला रडू कोसळले. ज्यांच्यावर सारा भार टाकला तेही ऐकेनात! आता निदान तिच्याजवळ तरी असावे, जे होईल ते दोघांचे होईल, असे म्हणून तो घराकडे पळत सुटला.

दारात पोहोचतो तो आतून खणखणीत आवाज आला, "उभा काय ऱ्हातोस मुडद्या? पानी तापव!"

सर्जाबाईचा आवाज! रखमाजीला वाटले, आईसाहेबांना दया आली, ही मागच्या पांदीने आपल्याआधी पोहोचली. विचार करायला वेळच कुठे होता? त्याने चूल फुंकली, पाणी ठेवले. आत सगुणा ओरडत होती आणि सर्जाबाई तिला लेकीसारखे बोलत होती. "अशी, माजे बाय, अशी. आता दम धर. मानंला वेढं हायेत, मला सोडवू दे. आता दे जोर!" मग सगळे गप्प झाले. ती घटका आपल्याला वर्षासारखी वाटली, असे रखमाजी म्हणे. आणि मग बाळ रडले.

"लक्ष्मी आलीया रे," सर्जाबाई दार लोटून म्हणाली. "नाळेचं दोन वेढं व्हते गळ्याला. येळेवर हात पोचला. माय-लेकी खुशाल हायेत." एवढे बोलून ती बाहेर पडली. रखमाजी खण-नारळ घेऊन मागे धावला, तर आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी.

दिवेलागणीला जत्रेच्या गाड्या परतल्या. बातमी आळीभर झाली आणि आळीतून गढीवर गेली : रखमाजीला मुलगी झाली, सर्जाबाईने सोडवले. बायजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या नजरेखाली बसलेल्या बाईचे नाव घेऊन हा कोष्टी गावभर लबाडी सांगतो? त्यांनी सर्जाबाईचा हात धरला आणि तडक कोष्टी आळी गाठली. देशमुखीण आळीत आलेली कुणी पाहिली नव्हती. सगळी आळी दारात गोळा झाली.

सर्जाबाई दिसताच रखमाजीने खण-नारळ तिच्यापुढे ठेवला आणि पायांवर डोके ठेवले. "मावशे, वटी न घेताच गेलीस की गं!"

"म्या?" सर्जाबाई मागे सरकली.

बायजाबाई कडाडल्या, "बघा! हिच्या तोंडावरूनच कळतंय. लोक हो, ऐका. दुपारी हा येऊन गेला तेव्हापासून ही बाई माझ्यासमोर वाती वळत होती. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. मी हिच्यावरची नजर क्षणभर काढलेली नाही. देवाची शपथ घेऊन सांगते, ही इथे आलेलीच नाही!"

बोलून झाले आणि बायजाबाई थांबल्या. आतून बाळाचे रडणे ऐकू येत होते.

सर्जाबाई आत गेली. सगुणा दमून गाढ झोपली होती. घटकाभराने बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आईसाब, मी डावखुरी. माजी गाठ उलट्या पिळाची बसती. बारा गावांत नाळ अशी कुणी बांधत न्हाई. ती गाठ माजीच हाय." तिने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "पन म्या बांधली न्हाई."

गर्दीतून म्हातारा ज्ञानू गुरव पुढे आला. तो महाराजांच्या सेवेला असे. त्याने सांगितले, "ऊन उतरायच्या वक्ताला म्हाराजांनी डोळं उघडलं न् माज्याकडं ऊन पानी मागितलं. पुसाच्या थंडीतबी कदी मागितलं न्हाई. कोपरापातूर हात धुतलं. दोनदा धुतलं. मी इचारलं न्हाई कशापायी."

आळीतल्या बायांनी तिथूनच चिंचेच्या दिशेने हात जोडले. रखमाजीला हुंदका आवरेना. ज्यांनी हाक ऐकली नाही असे वाटून तो रडत परतला होता, ते त्याच्याआधी त्याच्या घरी पोहोचले होते!

बायजाबाई तशाच अनवाणी चिंचेकडे निघाल्या. मागोमाग अर्धे गाव. महाराज धुनीपाशी बसले होते. बायजाबाई त्यांच्यापुढे पदर पसरून म्हणाल्या, "महाराज, दारी आलेल्याला मी हसले. अडलेल्या पोरीची सुईण अडवून धरली. मला क्षमा नाही."

"असं कसं, माय?" महाराज म्हणाले. "तू एवढी डोळ्यांत तेल घालून बसली नसतीस, तर लोक म्हनले असते, सर्जाच गेली आसंल मागल्या दारानं. आज तुज्या शपथंवर गावानं इस्वास ठेवला. तुज्याइतका खरा साक्षीदार मी कुठून आणला असता?"

ते इतके साधेपणाने म्हणाले की बायजाबाईंना रडता रडता हसू आले. "महाराज, मी काय करू सांगा."

"मी काय सांगू? त्या पोरीला तुजा राग न्हाई. तिला ठावंच न्हाई काय झालं ते. ती समजती, आईसाबांनी सर्जाला धाडलं म्हनून मी वाचले. डोळा लागेपातूर ती तुला दुवा देत व्हती."

शिव्याशाप सोसण्याची तयारी करून आलेल्या त्या बाईला हा दुवा सोसला नाही. बोरवंडात कुणापुढे कधी न लवलेली मान धुनीच्या राखेपर्यंत लवली आणि बराच वेळ तिथेच राहिली. महाराजांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. तो हात अजून ओला होता, असे बायजाबाई शेवटपर्यंत सांगत.

ज्या घरी आज पहिलटकरणीची पहिली कळ उठली असेल, त्या घरावर श्री येसोबा महाराजांची छाया असो, आणि हाक मारणाऱ्याच्या आधी त्यांचे पाऊल तिथे पोहोचो!