नरक्याच्या खोडातली बुरशी

घाटमाथ्यावर माणसांहून झाडं जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. नरक्याच्या एका झाडाच्या खोडात इवलीशी बुरशी राहायची. झाडाला ती आबा म्हणे.

एकदा गोजरा वैदीण कुऱ्हाड घेऊन आली. सुनेच्या पोटातल्या गाठीवर नरक्याचाच रस लागू पडणार होता.

"मावशी, आबांना तोडू नका!" बुरशी कळवळली. "त्यांच्यापाशी राहून मीही तो रस करायला शिकलेय. मला न्या."

गोजराने सालीच्या ढलपीसकट तिला घरी नेलं, पेजेवर वाढवलं. तिच्या रसाने सून बरी झाली. मग दारी आणखी आजारी माणसं आली, पण बुरशीला रस जमेना.

"मावशी, मी विसरले," ती रडवेली झाली.

"माहेर तुटलं की असंच होतं गं," म्हणत गोजराने तिला रानात पोचवलं.

आबांनी तिला कुशीत घेतलं. "आधी पोटभर जेव, पोरी. मग शिकवतो."