एकट्यानंच यायचं!

"एकच सॉफ्टवेअर बसवायचं! त्याच्या पाठोपाठ दुसरं काही यंत्रात शिरलं, तर बसवणारा थेट कोठडीत!"

सोनवळच्या रणधीरराव महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला.

दरबारात हौसाही उभी होती. तिचा थोरला भाऊ येसबा कालच कोठडीत गेला होता, तो यापायीच. राजधानीच्या तलावाचा बांध यंदाचं पाणी पेलेल का, याचं गणित महाराजांना हवं होतं. ते करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं, यंत्र चालवणारं लिनक्सही फुकटचंच. येसबानं एक ओळ लिहून त्याला आवतण धाडलं. पडद्यावर उलटा निरोप आला: पाहुण्यांचं एकट्यानं चालत नाही; सोबत अमुक लायब्ररी, तमुक कंपायलर अशी शंभरेक सॉफ्टवेअर मंडळी मदतीला येतील. येऊ देत? हो की नाही?

महाराज भडकले होते. "जेवायला बोलावला एक, आणि अख्खी वरात दारात? हे कारस्थान आहे!"

दिवाण त्रिंबकपंतांनी आज त्यावर फोडणी घातली. "फुकटच्या मालाचं असंच असतं, सरकार. माझ्या मेव्हण्याच्या कंपनीचं घ्या. महाग आहे, पण खानदानी!"

मेव्हण्याचा माल खपला की पंतांच्या घरी कायकाय पोचतं, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. पण दिवाणाच्या तोंडावर बोलतो कोण?

हौसा पुढे झाली. "महाराज, मी बसवते. बसलं तर माझ्या भावाला सोडाल?"

"सोडला! आणि नाही बसलं तर?"

"तर त्याच्या शेजारची कोठडी माझी. फक्त एक रीत पाळायची. एकट्या पाहुण्याचं स्वागत यजमानानंही एकट्यानंच करायचं. उद्या यंत्रशाळेत आपण एकटे या."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा यंत्रशाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. समोर चौक, चौकापलीकडे महाल. महाराज पायऱ्या उतरले. पुढे चोपदार, डोक्यावर छत्री धरणारा, बाजूला विडेवाला, मागे पगडीचा शेला सावरणारा आणि हातात जोडे घेतलेला जोडेवाला, सगळा थाट!

हौसानं हात जोडले. "महाराज, एकटे!"

"अरे हो! व्हा रे बाजूला सगळे!"

छत्रीवाला गेला, ऊन डोळ्यांत घुसलं. शेलेवाला गेला, पगडी नाकावर आली. जोडेवाला जोडे खाली ठेवून गेला, तेव्हा तर महाराजांना डावा जोडा कुठला न् उजवा कुठला हेच कळेना. जन्मात स्वतः घातला असेल तर ना! शेवटी अनवाणीच, तापल्या फरशीवर टुणटुण उड्या मारत दारापाशी आले. तिथे पहारेकऱ्यानं भाला आडवा घातला.

"कोण रे तू?"

"कोण? अरे, मी महाराज!"

"महाराज येतात तेव्हा आधी ललकारी होते. इथं ललकारी कुठाय? चल, हो पलीकडे!"

"चोपदाराला बोलवा!" महाराज ओरडले.

चोपदार धावत आला, पण शिंग वाजल्याशिवाय त्याला सूर सापडेना. शिंगवाला आला, पण घसा ओला झाल्याशिवाय त्याला फुंकता येईना. पाणक्या आला, पण घागर उचलून डोक्यावर द्यायला त्याला त्याची बायको लागे. तीही आली, कडेवर पोर घेऊन. मग छत्रीवाला तरी कशाला मागे राहतो? बघता बघता चौक गच्च भरला. ललकारी झाली, भाला बाजूला झाला आणि महाराज घाम पुसत आत आले.

"हं! बसवलंस का एकटं?"

"आपण जितके एकटे आलात, महाराज, तितकंच एकटं तेही येईल!"

महाराजांनी मागे वळून गर्दी पाहिली. "अगं, पण यांच्यावाचून मला दारातसुद्धा कुणी घेत नाही!"

"यंत्रानं हेच सांगितलं, तर माझा भाऊ आत गेला."

"फसू नका, सरकार!" दिवाण मध्येच तडतडले. "ही आपली विश्वासातली माणसं. त्या फुकट्या वरातीत कुणाच्या खिशात काय दडलंय, कोण सांगणार?"

"कुणीही सांगेल, दिवाणजी! त्यांनी खिसे उलटे करूनच ठेवलेत. ज्याला वाटेल त्यानं ओळ न् ओळ वाचावी. शिवलेले खिसे तुमच्या मेव्हण्याच्या मालाला आहेत. तुमचे दाखवता का, इथंच?"

पंतांचा हात आपसूक अंगरख्याच्या खिशावर गेला. महाराजांनी तो पाहिला, आणि असे खदाखदा हसले की पगडी पुन्हा नाकावर आली!

"येऊ दे सगळी वरात! बांधाचं गणित आजच मांडा! येसबाला सोडा, आणि पोरी, हे तुला बक्षीस!"

महाराज मनगटातलं सोन्याचं कडं काढू लागले. कडं हलेना. ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. शेवटी हसत हसतच चौकाकडे वळून ओरडले,

"अरे, कडं काढणारा कुठाय? पाठवा त्याला आत!"